फुकटची प्यादी

शनिवारी सांगलीला गेलो होतो. कारण बुद्धिबळ नव्हतं. आईचा फोन आला होता, "बाबा हल्ली फार विसरायला लागलेत, एकदा येऊन बघून जा." गॅस चालू राहतो, चष्मा फ्रीजमध्ये सापडतो, वगैरे. चष्मा फ्रीजमध्ये मीही ठेवलेला आहे (रिलीजच्या आठवड्यात), पण आईचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

जेवणं झाल्यावर बाबांनीच पट काढला. तीन-चार वर्षांत आम्ही खेळलो नव्हतो. मी मनात ठरवून टाकलं, आपण जरा हलकं खेळायचं, त्यांना जिंकू द्यायचं. आणि अगदी खरं सांगायचं तर, त्यांना किती आठवतंय ते तपासायचं. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज मोबाईलवर एक-एक मिनिटाचे डाव खेळून माझा स्वतःबद्दल फार चांगला समज झालेला आहे.

पांढरी मोहरी त्यांची. दोघांनी राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. मग त्यांनी वजिराचं प्यादं पुढे केलं, मी मारलं. त्यांनी उंटाचं प्यादं पुढे केलं, तेही मारलं. मग त्यांनी शांतपणे उंट बाहेर काढला आणि आणखी एक प्यादं तसंच सोडलं. मला खरोखर वाईट वाटलं. म्हटलं, आई बरोबर बोलत होती.

खाल्लं मी तेही. हलकं खेळायचा बेत कुठल्या कुठे गेला होता. फुकट मिळतंय म्हटल्यावर सोडवत नाही हो! चार खेळ्या झाल्या होत्या आणि माझ्या चारही खेळ्या एकाच प्याद्याने केल्या होत्या. पाचव्या खेळीला बाबांनी ते मारलं आणि त्यांचे दोन्ही उंट लांबून माझ्या राजाच्या अंगणाकडे बघायला लागले.

आठवीनववीत नव्हे, चांगला दुसरीत असताना ह्याच माणसाने मला ह्याच पटावर शिकवलं होतं: मध्य धर, घोडे-उंट बाहेर काढ, एकच मोहरा पुन्हा पुन्हा हलवू नकोस, लवकर किल्लेकोट कर, वजिराला उगाच फिरवू नकोस. मी घोडा तीनदा हलवला, उंट दोनदा. बाबांनी आठव्या खेळीला किल्लेकोट केला. मलाही करता येत होता, पण मी घोड्याने घोडा मारला, कारण दिसला. मारामारी संपली तेव्हा मी तीन प्याद्यांनी पुढे होतो. मग वजीर बाहेर काढला, एकदम ऐटीत.

बाबांनी हत्ती राजाच्या रांगेत आणून शह दिला. राजा बाजूच्या घरात सरकला, किल्लेकोट गेला. पुढच्या खेळीला त्यांनी अजून एक प्यादं माझ्या वजिरापुढे ठेवलं. घेतलं! तिथून माझा वजीर हलला आणि उंटाने माझं प्यादं मारून थेट हत्तीवर नेम धरला. मी हत्ती वाचवला. तर बाबांनी आपला वजीर माझ्या वजिराशेजारी आणून ठेवला, बिनआधाराचा.

मी मारला. उंट एक घर मागे आला. मात. खेळी पंधरावी.

माझा एक हत्ती, एक घोडा आणि एक उंट अजून मांडले होते तिथेच होते.

"डॅनिश गॅम्बिट," बाबा म्हणाले. "आजोबांच्या देशी डावात राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता यायची. पण शह बसायच्या आधी. तुझी तीही गेली असती." आणि हसले. मला इतका आनंद झाला की हरल्याचं दुःख वगैरे काही नाही. आतल्या खोलीत जाऊन आईला सांगितलं, काही झालेलं नाहीये त्यांना. आई काही बोलली नाही, भांडी लावत राहिली.

रात्री मोबाईलवर शोधाशोध केली. औषध जुनंच आहे, श्लेख्टर ह्या ऑस्ट्रियन खेळाडूच्या नावाने ओळखलं जातं. पाचव्या खेळीला वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकायचं, आणि खाल्लेलं बरंचसं परत देऊन टाकायचं. मोहरी बाहेर पडतात, वजिरावजिरी होते, डाव सारखा.

रविवारी सकाळी चहानंतर पुन्हा पट मांडला. माझी काळी मोहरी लावून झाली आणि समोर बघितलं, तर बाबांनी राजा आणि वजीर उलटे ठेवले होते. मी थोडा वेळ थांबलो, त्यांच्या लक्षात येईल म्हणून. ते माझ्याकडे बघत होते, मी सुरुवात का करत नाही म्हणून. पांढरी त्यांचीच होती.

मी हात लांब करून दोन्ही मोहरे बदलले. "बाबा, तुमची खेळी."

त्यांनी तोच डाव लावला, न अडखळता. मी प्यादी परत दिली. बरोबरी झाली.

गुरुवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मी रजा टाकली आहे.