यज्ञसेनाची बाजू

ख्रिस्तपूर्व ४१५मधली गोष्ट. अथेन्सचं आरमार सिसिलीच्या स्वारीवर निघायच्या बेतात होतं. एका सकाळी लोक उठून बघतात तर दारोदारच्या हर्मीस देवाच्या दगडी मूर्ती कोणीतरी रातोरात फोडून ठेवलेल्या. संशय गेला तो थेट स्वारीच्या एका सेनापतीवर, अल्किबायडीझवर. आरमार निघून गेल्यावर त्याला खटल्यासाठी परत बोलावलं. तो वाटेतच निसटला आणि शत्रूला, म्हणजे स्पार्टाला जाऊन मिळाला. दोन वर्षांनी सिसिलीत अथेन्सच्या सैन्याची धूळधाण झाली.

मेरी रेनॉल्ट यांच्या 'द लास्ट ऑफ द वाइन' या १९५६ सालच्या कादंबरीत हा सगळा काळ अलेक्सियस नावाचा एक अथेन्सवासी सांगतो. तो ना सेनापती, ना मुत्सद्दी. त्याचं शहर हरतं, ख्रिस्तपूर्व ४०४मध्ये स्पार्टापुढे शरण जातं, मग तीस जुलमी सत्ताधाऱ्यांच्या हाती सापडतं आणि हे सगळं तो आपल्या डोळ्यांनी बघतो. मी ही कादंबरी अमरावतीत मे महिन्यातल्या दुपारी कूलरपुढे बसून वाचली. लढायांपेक्षा मनात रुतली ती हरणाऱ्यांची नजर. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात जे एका ओळीत उरकतं, ते घराच्या उंबऱ्यावरून कसं दिसत असेल, हे रेनॉल्ट दाखवतात.

पुस्तक मिटलं आणि एक प्रश्न डोक्यात घर करून बसला. यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या, त्या काळात आपल्या वऱ्हाडात कोण राज्य करत होतं? कोण कोणाशी लढत होतं?

उत्तर एका प्रेमकथेत सापडलं. अकोल्याच्या बाबूजी देशमुख वाचनालयात बसून महामहोपाध्याय वा. वि. मिराशींचं लेखन चाळत होतो. मिराशी म्हणजे वाकाटकांचे आणि कालिदासाचे गाढे अभ्यासक. अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचं प्राचार्यपदही त्यांनी काही काळ सांभाळलं. त्यांचं बोट धरून कालिदासाचं 'मालविकाग्निमित्र' पुन्हा वाचायला घेतलं. हे नाटक आपल्याला आठवतं ते मालविकेच्या नृत्यासाठी, तिच्या लत्ताप्रहारानं फुलणाऱ्या अशोकासाठी आणि राण्यांच्या रुसव्याफुगव्यांसाठी. पण त्या शृंगाराच्या पाठीमागे पहिल्या अंकापासून पाचव्या अंकापर्यंत एक युद्ध चालू आहे, आणि ते युद्ध विदर्भाचं आहे.

काळ अलेक्सियसच्या पुढचा, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाचा. मगधात पुष्यमित्र शुंगानं शेवटचा मौर्य राजा बृहद्रथ याला मारून सत्ता घेतलेली. त्याचा मुलगा अग्निमित्र विदिशेत. विदर्भात यज्ञसेन नुकताच गादीवर आलेला. त्याचा चुलतभाऊ माधवसेन आपली बहीण अग्निमित्राला देऊन सोयरीक जोडायची म्हणून विदिशेकडे निघतो. यज्ञसेनाचा सीमारक्षक त्याला वाटेतच पकडतो. त्या धांदलीत बहीण, म्हणजेच मालविका, हरवते. माधवसेनाचा अमात्य सुमती तिला घेऊन एका व्यापारी तांड्याबरोबर निघतो. जंगलात दरोडेखोर तांड्यावर तुटून पडतात, सुमती मारला जातो आणि राजकन्या शेवटी अग्निमित्राच्याच अंतःपुरात दासी होऊन पोहोचते.

आता पहिल्या अंकातला पत्रव्यवहार बघा. माधवसेनाला बायको आणि बहिणीसह सोडून द्या, असा अग्निमित्राचा निरोप. यज्ञसेनाचं उत्तर येतं: बहीण गोंधळात हरवली आहे, तिचा शोध घेऊ. माधवसेन सुटावा असं वाटत असेल, तर माझा मेहुणा, तो मौर्यांचा सचिव, तुमच्या कैदेत आहे, त्याला आधी सोडा. दोन्हीकडे एकेक नातेवाईक ओलीस आणि मधे घासाघीस. ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीझनं लिहून ठेवलेल्या अथेन्स-स्पार्टाच्या वाटाघाटींच्या शेजारी हे पत्र खुशाल ठेवावं, इतकं ते रोखठोक आहे. आणि त्यातल्या एका नात्यात मोठं राजकारण दडलं आहे. यज्ञसेनाची सासुरवाड मौर्यांच्या सचिवाची आहे, म्हणजे विदर्भ हा पडलेल्या जुन्या सत्तेचा सोयरा. शुंगांना तो डोळ्यांत खुपणारच. अग्निमित्र भडकतो. अमात्य वाहतक राजनीतीचा दाखला देतो: नवा राजा अजून प्रजेत रुजलेला नाही, तो सहज उपटता येईल. आणि राणी धारिणीचा भाऊ वीरसेन विदर्भावर चालून जातो.

पाचव्या अंकात विजयाची बातमी येते. माधवसेन सुटतो. अग्निमित्र विदर्भाचे दोन तुकडे करतो: वरदेच्या, म्हणजे आजच्या वर्धेच्या, उत्तर तीरावर एक भाऊ, दक्षिण तीरावर दुसरा. आणि त्याच अंकात पुष्यमित्राचं पत्र येतं. सम्राट झाला तरी तो स्वतःला सेनापतीच म्हणवतो. अयोध्येच्या शिलालेखातही त्याची तीच पदवी आहे, आणि त्यानं दोन अश्वमेध केल्याचं तिथे म्हटलं आहे. पत्रात लिहिलंय, की यज्ञाचा घोडा सिंधूच्या काठी यवनांच्या घोडदळानं अडवला, पण नातू वसुमित्रानं लढून तो सोडवला. पतंजलीच्या महाभाष्यातही यवनांनी साकेताला आणि माध्यमिकेला वेढा घातल्याची उदाहरणं आली आहेत. म्हणजे हे यवन नाटकापुरते आणलेले नाहीत. एकाच घराण्याच्या दोन लढाया कालिदासानं एका अंकात शेजारी शेजारी ठेवल्या आहेत, एक यवनांशी आणि दुसरी विदर्भाशी.

ही माणसं एकमेकांच्या किती जवळ होती, याचा पुरावा दगडात कोरलेला आहे. विदिशेजवळ बेसनगरला हेलिओडोरसचा खांब उभा आहे. तक्षशिलेचा हा ग्रीक, डिऑनचा मुलगा, अंतियाल्किदस राजाचा वकील म्हणून भागभद्र राजाच्या दरबारी आला आणि त्यानं वासुदेवाचा गरुडध्वज उभारला. लेखात तो स्वतःला भागवत म्हणवतो. लेख ब्राह्मी लिपीत आहे. गावचे लोक आजही त्या खांबाला खांबबाबा म्हणून पूजतात. ज्या शहरात मालविका दासी होती, त्याच शहरात काही दशकांनी एक ग्रीक माणूस वैष्णव होऊन राहतो! कादंबरीकाराला याहून अधिक काय हवं?

पावसाळा संपल्यावर कुऱ्ह्यावरून कौंडिण्यपूरला गेलो. दोन्ही बाजूंना कपाशी आणि तूर, रस्ता काळ्या मातीतून. विदर्भाची जुनी राजधानी म्हणून हे गाव सांगितलं जातं. नाटकात यज्ञसेनाच्या राजधानीचं नाव नाही, तेव्हा ती इथेच होती असा दावा कोणी करू नये. पण वस्तीचं जुनेपण पक्कं आहे. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी १९६०च्या दशकात इथे उत्खनन केलं आणि काळ्या-तांबड्या भांड्यांच्या काळापासून सातवाहनांपर्यंतचे थर उघडे केले. लोकांना मात्र हे गाव रुक्मिणीचं माहेर म्हणून ठाऊक. इथली पालखी आषाढीला पंढरपूरला जाते.

देवळाच्या पायऱ्या उतरून पाण्याशी गेलो. वर्धेला गढूळ पाणी होतं, प्रवाह संथ. एक म्हातारे गृहस्थ गुडघाभर पाण्यात उभे राहून बैल धूत होते. बैलाच्या पाठीवरून त्यांचा हात एका लयीत फिरत होता. मी विचारलं, "बाबाजी, पलीकडे कोणतं गाव?"

"पल्ल्याड आर्वी तालुका लागते, बाप्पा. थो वर्धा जिल्हा. अल्लाड आपलं अमरावती."

अग्निमित्रानं आखलेली हद्द आजही तलाठ्याच्या दप्तरात आहे. मधल्या काळातही ती पुन्हा पुन्हा वर आली. २९ नोव्हेंबर १८०३ला अकोला जिल्ह्यातल्या अडगावजवळ नागपूरकर भोसल्यांचं सैन्य इंग्रजांच्या आर्थर वेलस्लीपुढे हरलं, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला आणि १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहात भोसल्यांना वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला. तो निजामाकडे गेला. वरदा पुन्हा एकदा तहाची रेघ झाली.

मराठीत ऐतिहासिक कादंबरीला तोटा नाही. ज्या परतवाड्याहून गाविलगडाकडे वाट जाते, तिथेच १९१६ साली गो. नी. दांडेकरांचा जन्म झाला. शिवकाळ आणि पेशवाईवर आपल्याकडे उत्तमोत्तम कादंबऱ्या आहेत. त्याआधीच्या काळाकडेही आपले लेखक वळले होते. हरि नारायण आपट्यांनी 'चंद्रगुप्त' लिहून मौर्य काळ मराठी वाचकाच्या घरात आणला. शुंगांचा आणि यवनांचा विदर्भ मात्र संस्कृतच्या वर्गाबाहेर फारसा आलाच नाही. साधनं कमी आहेत, हे खरं. पण अगदीच नाहीत असंही नाही. १९३९ साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात तऱ्हाळ्याला सातवाहन नाण्यांचा मोठा साठा सापडला, मिराशींनी त्याचा अभ्यास केला, आणि तोवर कोणाला माहीत नसलेल्या राजांची नावं त्या नाण्यांवर वाचता आली. हा साठा पुढच्या काळाचा असला तरी वऱ्हाडची माती काय काय सांभाळून ठेवते, हे त्यातून कळतं.

कालिदासानं ही गोष्ट जिंकणाऱ्यांच्या दरबारातून सांगितली. यज्ञसेन एकदाही रंगमंचावर येत नाही. त्याचं फक्त पत्र येतं, तेही दुसऱ्याकडून वाचलं जातं. तो खरंच उद्धट होता, की पडलेल्या मौर्यांच्या माणसाला सोडवण्यासाठी त्यानं सगळं राज्य पणाला लावलं? सीमेवर माधवसेनाला पकडणाऱ्या रक्षकाला हुकूम कोणाचा होता? मालकाच्या बहिणीला वाचवताना जंगलात मेलेल्या सुमतीला शेवटी काय वाटलं असेल? आणि हद्द आखली गेली तेव्हा नदीच्या दोन्ही काठांवर शेती असलेल्या कुणब्यानं कोणाला सारा द्यायचा? रेनॉल्टनी अलेक्सियसला जे दिलं, ते यज्ञसेनाला, सुमतीला, त्या कुणब्याला अजून कोणी दिलेलं नाही.

वऱ्हाडात लिहिणारे हात पुष्कळ आहेत. त्यातल्या कोणीतरी ही कादंबरी लिहायला घ्यावी, ही माझी मनापासूनची विनंती. सुरुवात विदिशेच्या महालातून करू नका. यज्ञसेन आपलं उत्तर लिहायला बसतो, तिथून करा.