परतीच्या दोन वाटा : स्नॅपशॉट आणि डिस्क प्रतिमा यांचा इतिहास

१/
२७ जून २०१७. कोपनहेगनमधील मर्स्क या जहाजवाहतूक कंपनीच्या मुख्यालयात एकामागून एक संगणकांचे पडदे काळे पडू लागले. जगाच्या जहाजवाहतूक क्षमतेचा जवळजवळ पाचवा हिस्सा सांभाळणारी ही कंपनी काही तासांत आंधळी झाली. कोणता कंटेनर कुठे आहे, हे सांगणारी यंत्रणाच उरली नाही. त्याची झळ उरणजवळच्या न्हावा-शेव्यापर्यंत पोहोचली. जवाहरलाल नेहरू बंदरात याच समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले.

२/
या हल्ल्याला पुढे ‘नॉटपेट्या’ हे नाव मिळाले. युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावत आवृत्तीतून तो पसरला. पडद्यावर खंडणीची मागणी दिसे. पण खंडणी भरूनही काही परत मिळण्याची सोय त्यात नव्हती. तो डिस्कच्या सुरुवातीच्या नोंदींवर आणि फाइल कुठे ठेवली आहे हे सांगणाऱ्या सूचीवरच घाव घालत असे. ग्रंथालयातील पुस्तके जागेवर ठेवून सूचीपत्रे तेवढी जाळावीत, तसा हा प्रकार.

३/
हा प्रसंग सहसा सायबर युद्धाच्या इतिहासात सांगितला जातो. या धाग्यात त्याकडे दुसऱ्या बाजूने पाहायचे आहे. संगणकाने कालच्या स्थितीत परत जावे, ही इच्छा माणसाला केव्हा झाली? त्यासाठी त्याने कोणत्या वाटा शोधल्या? आणि एका वाटेवर विसंबून राहिलेल्यांचे काय झाले?

४/
मर्स्ककडे अनेक सर्व्हरांचे बॅकअप होते. काही तीन ते सात दिवसांपूर्वीचे. नव्हता तो डोमेन कंट्रोलरचा. कोणाला कुठे प्रवेश आहे, ही कंपनीच्या संपूर्ण जाळ्याची वही त्या यंत्रांत असे. अशी सुमारे १५० यंत्रे जगभर होती आणि ती सतत एकमेकांशी जुळवून घेत. एक बंद पडले तर दुसरे आहेच, हा भरवसा. सगळी एकाच वेळी पुसली जातील, ही कल्पना त्या रचनेत कुठेच नव्हती.

५/
अखेर एक प्रत सापडली, ती घानामध्ये. हल्ल्यापूर्वी तिथली वीज गेली होती आणि तिथला डोमेन कंट्रोलर जाळ्यापासून तुटलेला होता. तुटलेला होता म्हणून वाचला. तिथून इंग्लंडला विदा पाठवण्याइतके वेगवान इंटरनेट नव्हते आणि घानातील कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. म्हणून एक जण हार्ड डिस्क घेऊन नायजेरियाला गेला, तिथे विमानतळावर ती दुसऱ्याच्या हाती दिली आणि तो ती घेऊन लंडनला उतरला. एका महाकाय कंपनीची स्मृती अशी हातोहात परत आली.

६/
आता मूळ विषयाकडे. संगणकाला भूतकाळात नेण्याच्या दोन मुख्य वाटा आहेत. पहिली डिस्क प्रतिमा : संपूर्ण डिस्कची, प्रणाली, सॉफ्टवेअर आणि कागदपत्रांसह, दुसऱ्या साधनावर घेतलेली प्रत. दुसरी स्नॅपशॉट : त्याच डिस्कवर ‘या क्षणी सारे असे होते’ अशी खूण करून ठेवणे. दोन्हींना सरसकट ‘बॅकअप’ म्हटले जाते. परंतु त्यांची कुळे वेगळी आहेत आणि त्यांची वचनेही वेगळी आहेत.

७/
प्रतिमेची कथा न्यूझीलंडमधील ऑकलंडची. १९९० च्या दशकाच्या मध्यास मरे हॅझार्ड यांनी ‘घोस्ट’ हे सॉफ्टवेअर लिहिले. शाळा आणि कार्यालयांत एकसारखे शेकडो संगणक बसवताना प्रत्येकावर प्रणाली नव्याने चढवणे हे दिवसचे दिवस खाणारे काम होते. एक संगणक नीट तयार करावा आणि त्याची हुबेहूब प्रत इतरांवर उतरवावी, हा घोस्टचा मार्ग. १९९८ मध्ये सिमँटेक कंपनीने ते विकत घेतले. नकलेसाठी जन्मलेले हे साधन लवकरच आपत्तीतून सावरण्याचे साधन बनले.

८/
स्नॅपशॉटच्या इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा १९९४ चा. डेव्ह हिट्झ, जेम्स लाऊ आणि मायकेल माल्कम यांनी नेटअ‍ॅप कंपनीच्या फाइल प्रणालीवर निबंध मांडला. त्या प्रणालीत बदललेला मजकूर जुन्यावर लिहिला जात नसे, तो नव्या जागी लिहिला जाई. मग जुन्या जागांचा नकाशा जपून ठेवला की जुना क्षण आपोआप जपला जाई. चुकून फाइल पुसणाऱ्याने व्यवस्थापकाकडे न जाता ती स्वतः परत घ्यावी, हा एक हेतू त्यामागे होता.

९/
इतर काही प्रणालींनी उलट रीत धरली : जुन्या मजकुरावर नवा लिहिण्याआधी जुना उचलून बाजूला ठेवायचा. रीत कोणतीही असो, परिणाम सारखाच. स्नॅपशॉट काही क्षणांत तयार होतो आणि आरंभी जवळजवळ जागा व्यापत नाही, कारण तो सारे पुन्हा लिहीत नाही. बदलले तेवढेच सांभाळतो. परंतु जे बदलले नाही, त्यासाठी तो मूळ डिस्कवरच अवलंबून असतो. ती डिस्क गेली की खूणही गेली.

१०/
घरगुती संगणकांत ही कल्पना २००० साली विंडोज एमईमधील ‘सिस्टिम रिस्टोअर’च्या रूपाने ठळकपणे आली. लिनक्सच्या जगात ‘टाइमशिफ्ट’ हे साधन २०१७ मध्ये लिनक्स मिंटच्या १८.३ या आवृत्तीसोबत येऊ लागले. या दोन्हींबाबत एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. ती प्रणालीच्या फाइली सांभाळतात. टाइमशिफ्ट वापरकर्त्याचे स्वतःचे फोल्डर मुळात वगळूनच चालते. बिघडलेला संगणक पूर्ववत होतो. पुसलेला प्रबंध मात्र येत नाही.

११/
इतिहासाच्या अभ्यासकाला हा भेद नवा नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केली. तिच्या संपादकांनी निरनिराळ्या प्रांतांतील आणि लिप्यांतील पोथ्या ताडून पाहिल्या. पोथ्या किती, याइतकेच त्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत का, हे महत्त्वाचे. एकाच पोथीवरून उतरलेल्या दहा नकला असतील, तर साक्षीदार एकच. त्याच डिस्कवरचे दहा स्नॅपशॉट म्हणजे अशाच दहा नकला.

१२/
हे हल्लेखोरांनाही ठाऊक होते. नॉटपेट्याच्या दीड महिना आधी, १२ मे २०१७ रोजी, ‘वॉनाक्राय’ने जगभर धुमाकूळ घातला. फाइली कुलूपबंद करताना तो विंडोजने ठेवलेल्या जुन्या छायाप्रती पुसण्याचा आदेशही देत असे. म्हणजे घरात शिरलेला चोर आधी घराच्याच कोनाड्यातली दुसरी किल्ली शोधून काढत होता. जी परतीची वाट शत्रूच्या हाताला लागते, ती त्या प्रसंगापुरती वाट नव्हेच.

१३/
मग स्नॅपशॉट निरुपयोगी ठरतो का? त्याच वर्षीचा आणखी एक प्रसंग याचे उत्तर देतो. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीतील एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवरील विदा पुसण्याचा आदेश चुकून मुख्य सर्व्हरवर दिला. चूक ध्यानात येईपर्यंत सुमारे ३०० जीबी विदा गेली होती. बॅकअपचे मार्ग कागदावर अनेक होते. प्रत्यक्षात रोजचा बॅकअप आवृत्तीच्या विसंगतीमुळे बंद पडला होता आणि त्याची सूचना देणारी ईमेल पत्रे पोहोचतच नव्हती.

१४/
गिटलॅबला वाचवले ते एका स्नॅपशॉटने. दुर्घटनेच्या सुमारे सहा तास आधी चाचणीच्या कामासाठी तो सहज घेतला गेला होता. त्यातून बहुतेक सारे परत आले. मधल्या सहा तासांतील नोंदी कायमच्या गेल्या. कंपनीने ही दुरुस्ती लोकांसमोर थेट प्रक्षेपित केली आणि आपल्या चुकांचा तपशीलवार अहवाल प्रसिद्ध केला. स्नॅपशॉटचे बळ यात दिसते : तो स्वस्त असतो, म्हणून वारंवार घेतला जातो, आणि वारंवार घेतला जातो, म्हणून हानीच्या क्षणाजवळ सापडतो. तो सर्व्हरबाहेर नेलेला होता, म्हणून उपयोगी पडला, हेही विसरू नये.

१५/
या दोन वाटा एकमेकींच्या वैरिणी नाहीत. चालू संगणकाची प्रतिमा घ्यायला तास-दोन तास लागू शकतात. तेवढ्या वेळात डिस्क बदलत राहते; पहिले पान दहाचे आणि शेवटचे पान बाराचे, अशी विसंगत प्रत निघेल. म्हणून चालू विंडोजची प्रतिमा घेणारी साधने आधी विंडोजच्याच छायाप्रत सेवेकडून एक स्नॅपशॉट घेतात आणि मग त्या स्थिर क्षणाची निवांत नक्कल करतात. जुन्या छायाचित्रकाराने समूहाला क्षणभर स्तब्ध बसवावे, तसे हे आहे. स्नॅपशॉट क्षण देतो. प्रतिमा त्याला दुसरे घर देते.

१६/
तरी दोघांना एकत्र नांदवताना सावधगिरी लागते. ‘गोबॅक’सारखी काही स्नॅपशॉट साधने प्रणाली सुरू होण्याआधीच डिस्कच्या आरंभीच्या सेक्टरचा ताबा घेत आणि जुन्या क्षणांचा स्वतंत्र नकाशा ठेवत. बाहेरून प्रतिमा घेणाऱ्या साधनाला तो नकाशा वाचता येत नसे. त्याला जुने क्षण रिकामी जागा वाटत. अशी प्रतिमा परत उतरवली की वर्तमान येई, पण स्नॅपशॉट नाहीसे होत. कधी नकाशा आणि डिस्क यांचा मेळ न बसून संगणक सुरूच होत नसे. म्हणून प्रतिमेशी खेळण्याआधी अशी साधने बंद करावी लागत.

१७/
आणि बॅकअप ‘आहे’ म्हणजे तो चालतोच असे नाही. १९९८ मध्ये पिक्सारच्या सर्व्हरवर एका चुकीच्या आदेशाने ‘टॉय स्टोरी २’ या निर्मितीतील चित्रपटाचा सुमारे ९० टक्के भाग पुसला गेला. बॅकअप तपासला, तर तो कित्येक दिवस नीट होतच नव्हता. तांत्रिक दिग्दर्शिका गॅलिन सुसमन बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तो संगणक ब्लँकेटांत गुंडाळून गाडीतून स्टुडिओत आणला गेला. घानातील डिस्कप्रमाणे हीही घराबाहेरची, स्वतंत्र साक्षीदार.

१८/
या अनुभवांचे सार छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेल्या एका नियमात सापडते : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक अन्यत्र. त्यात स्नॅपशॉटची जागा अशी : नवे सॉफ्टवेअर चढवण्याआधी, अद्ययावत करण्याआधी स्नॅपशॉट घ्यावा. ठरावीक काळाने पूर्ण प्रतिमा बाह्य डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क काढून ठेवावी. जोडलेली डिस्क संगणकाचेच नशीब भोगते. लिखाणाची प्रत तर रोज वेगळी ठेवावी. आणि अधूनमधून प्रतिमा उघडून पाहावी, एखादी फाइल परत काढून पाहावी. जी प्रत कधी वाचून पाहिली नाही, ती प्रत नव्हे, केवळ श्रद्धा आहे.

१९/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात काय? आज पुराभिलेखागारात बसून मोडी कागदांची छायाचित्रे घेणाऱ्या अभ्यासकाची दोन-तीन वर्षांची मेहनत बहुधा एका लॅपटॉपवर असते. मूळ रुमाल पुन्हा उघडता येतील. पण त्यांचे लिप्यंतर, टिपणे आणि मध्यरात्री सुचलेला दुवा दुसरीकडे कुठेच नसतो. तीनशे वर्षे टिकलेल्या कागदाचे वाचन तीन वर्षांच्या हार्ड डिस्कवर सोपवलेले असते. कागदाला वाळवी लागते तेव्हा छिद्रे दिसतात. डिस्क मात्र बहुधा शेवटच्या सकाळपर्यंत ठणठणीत दिसते.

२०/
मर्स्कने पुढे सुमारे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरांच्या घरात गेले. तरीही कंपनी उभी राहिली, आणि त्या उभारणीच्या मुळाशी आफ्रिकेतल्या एका शहरात गेलेली वीज होती. योगायोगाने वाचलेल्या साधनांवर इतिहासाचा मोठा भाग उभा आहे, हे अभ्यासकाला ठाऊक असते. आपले स्वतःचे काम तरी त्याने योगायोगावर सोडू नये.

धागा समाप्त.