घाट उतरून घरी

आठ महिने पुण्याकडच्या एका इमारतीच्या कामावर काढून आम्ही दोघं ज्येष्ठाच्या अखेरीस घरी निघालो. हे गवंडी, मी त्यांच्या हाताखाली बिगारी. आमचं गाव कर्जतच्या पुढे, कोंदिवड्याच्या अंगाला. भाताचं एक खाचर आहे, म्हणून पाऊस लागला की परतायचं, हा दरसालचा रिवाज. पण यंदा फाल्गुनात परांचीवरून पडून यांचा गुडघा दुखावला. निघताना मुकादम म्हणाला, दिवाळीनंतर या. हे ‘हो’ म्हणाले नाहीत आणि ‘नाही’ही म्हणाले नाहीत.

पहाटे मोटारसायकलवर बोचकं बांधलं. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी, म्हणून जुना रस्ता धरला. ही सक्ती बरीच म्हणायची, कारण बोरघाट पाहावा तो जुन्या रस्त्यानेच. खंडाळ्याला राजमाची पॉइंटपाशी गुडघ्याला विसावा दिला. खाली धुकं, मध्येच ते फाटायचं आणि समोर राजमाचीचे दोन बालेकिल्ले. “त्याच्या पायथ्याला आपलं घर,” हे म्हणाले. सरळ रेषेत पाहिलं तर घर डोळ्यासमोर, पण रस्त्याने पुरा वळसा!

घाटात शिंगरोबाचं देऊळ लागतं. ही वाट इंग्रजांना शिंगरोबा धनगराने दाखवली आणि त्यांनीच त्याला मारलं, अशी दंतकथा आहे. गाडीवाले अजून तिथे नाणं टाकतात. घाटातला रेल्वेमार्ग १८५६ ते १८६३ या काळात झाला. एका वेळी चाळीस हजारांवर मजूर डोंगर फोडत होते. सुरुंगाने, पटकीने हजारो मेले. त्यांचं देऊळ नाही, की नावांची पाटी नाही. बोगद्यातून गाडी बाहेर पडली की हे नेहमी दगडी बांधकामाकडे बघतात, “काय सांधा बसवलाय!” म्हणतात. जातवाल्या गवंड्याची दृष्टी वेगळीच असते.

खोपोलीला चहा घेतला. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी नळांनी डोंगरावरून इथे उतरतं. १९१५ साली टाटांचं वीजघर सुरू झालं आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. माझे आजोबा त्यातल्याच एका गिरणीत होते. पुढे महडची पाटी लागते. नवखा माणूस तेच आपलं महाड समजतो. हे अष्टविनायकाचं महड. १९२७ च्या सत्याग्रहाचं, चवदार तळ्याचं महाड याच रायगड जिल्ह्यात, पण शंभरएक किलोमीटर दक्षिणेला.

खोपोलीहून पळसदरीमार्गे कर्जत जवळ, तरी आम्ही खालापूरवरून चौकला गेलो. तिथे माझी थोरली बहीण असते. तिच्या अंगणातून इर्शाळगड दिसतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या कुशीतली ठाकरांची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. सत्तावीस मृतदेह मिळाले. सत्तावन्न माणसं सापडलीच नाहीत. शोध थांबवावा लागला. अक्कांनी भाकरी वाढली, पण डोंगराकडे पाठ करून बसल्या. पाऊस पडतो तेव्हा त्या तशाच बसतात. आम्हीही फार बोललो नाही.

कर्जत ओलांडून कोंदिवड्याला आलो तेव्हा दुपार टळली नव्हती. एकाएकी हे म्हणाले, “लेणी बघून जाऊ.” कोंडाणे लेणी आमच्या दाराशी, पण हे लहानपणी बकऱ्यांमागे गेले तेवढेच. “अहो, गुडघा?” “तो काय, घरी बसूनही दुखतोच की!” मी बोचकं ओळखीच्या घरी टाकलं. तासाची चढण, आम्हाला दोन तास लागले. उल्हास नदीचा आवाज सबंध वाट सोबतीला होता.

लेणी दोन हजार वर्षांपूर्वीची. चैत्याच्या दर्शनी कमानीवर नाचणारी जोडपी कोरलेली आहेत. आतल्या खांबांचे पाय झिजून गेलेत, स्तूपही झिजलाय. शेजारी विहार, भोवती भिक्खूंच्या खोल्या. पावसाचे महिने एका जागी राहण्यासाठी अशा जागा. आम्हीही पावसासाठीच परत आलो होतो. आम्ही वंदन केलं, घटकाभर बसलो.

मग मी त्यांना ती अक्षरं दाखवली. चैत्याच्या तोंडाशी एका भंगलेल्या मूर्तीचा भाग आहे, तिथे ब्राह्मीत एक ओळ कोरलीय. आमच्या विहारात एकदा एका गुरुजींनी तिचा अर्थ सांगितला होता: कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं. यांनी सिमेंटने खाल्लेली बोटं पुढे केली, पण अक्षरांना लावली नाहीत. छिन्नीचे घाव निरखत राहिले. “नाव घातलं पठ्ठ्याने,” एवढंच म्हणाले. उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून उतरले. वरचे माळे आपल्याच्याने आता व्हायचे नाहीत, हेही त्यांनी तिथेच, एका ओढ्यात पाय सोडून बसल्यावर सांगितलं. गावात कुणाच्या चुली, कुणाचे ओटे बांधू म्हणाले. मी ऐकून घेतलं. पैशाचा हिशेब माझ्या डोक्यात सुरू झाला होताच.

घरी पोचेतो अंधार. कुलूप गंजलेलं, दोन कौलं सरकलेली, उंबऱ्याजवळचा कोबा उखडलेला. दुसऱ्या दिवशी जरा उघडीप मिळताच यांनी कोबा घातला आणि ओला असतानाच थापीच्या टोकाने माझं नाव लिहिलं. मग स्वतःचं लिहायला जागा पुरेना, म्हणून ते कोपऱ्यात उभं लिहिलं.