पायांखालचे सागवान

इचलकरंजीसारख्या यंत्रमागांच्या गावात राहून लाकडी जमिनीच्या निगेविषयी लिहावे, हे वाचकांना काहीसे नवलाचे वाटेल. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग आणला आणि तेव्हापासून गावाचा जीव सुतात गुंतला. येथील जमिनी शहाबादी फरशीच्या, कोब्याच्या, अलीकडे गुळगुळीत टाइल्सच्या. तरीही गावभागातील एखाद्या जुन्या घराच्या माडीवर तुळयांवर बसविलेले सागवानी तक्ते अजून दिसतात. आमच्या घरी अशी माडी आहे, आणि तिच्यावर वावरणारे दोन मुधोळ कुत्रेही आहेत. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न आमच्या कुटुंबात बरेच दिवस धुमसत होता.

मुधोळ ही कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातली, लांब पायांची शिकारी जात. २००५ साली भारतीय टपाल खात्याने तिचे तिकीट काढले. पूर्ण वाढीचा कुत्रा २५ किलोंच्या आसपास भरतो. मांजराला नखे आत ओढून घेता येतात. कुत्र्याला ती सोय नाही. धावताना नखांवरही जोर येतो. सागवानाला वाळवी आणि पाणी सहजी बाधत नाही, म्हणून आपण त्याला कठीण समजतो. पण टिकाऊपणा निराळा आणि काठिण्य निराळे. बैलगाडीच्या चाकाला बाभूळ लागते. सागवान तिच्याहून पुष्कळच मऊ. तेव्हा ओरखडे उठणारच, हे आम्ही आरंभीच मान्य केले.

माडीवरचे चपडीचे जुने पॉलिश झिजले, तेव्हा घरात दोन तट पडले. एका ओळखीच्या कारागिराने सल्ला दिला : चकचकीत मेलामाइन मारा आणि कुत्री अंगणात बांधा. काहींना ते पटले. परंतु थोरला वाघ्या आता अकरा वर्षांचा. गुळगुळीत टाइलवर त्याचे मागचे पाय फाकत आणि तो मध्येच थबकून उभा राही. म्हाताऱ्या, मोठ्या कुत्र्यांच्या खुब्यांना असे घसरणे फार महागात पडते. शिवाय आजींची खाट माडीवर. गुडघ्यांमुळे त्यांना जिना उतरवत नाही आणि वाघ्या त्यांच्या खाटेशीच निजतो. जमीन राखण्यासाठी त्या दोघांची ताटातूट करावी काय, हा खरा प्रश्न होता.

मग आम्ही लेपांचे गुणदोष नीट तपासले. चपडी म्हणजे लाखेच्या किड्याची देणगी. नवा हात जुन्यात मिसळतो, त्यामुळे दुरुस्ती सोपी. पण पाणी सांडून राहिले की पांढरा डाग पडतो. मेलामाइन आणि पॉलियुरेथेन कठीण खरे. मात्र त्यांचा पापुद्रा लाकडाच्या वर बसतो. त्यावर ओरखडा पांढरा उठून दिसतो आणि तेवढाच भाग दुरुस्त करणे जमत नाही, बहुधा सारी खोली घासावी लागते. जवसाचे तेल लाकडाच्या तंतूंत मुरते. चमक मंद, पण पाय कमी घसरतो. आणि ओरखड्यावर पॉलिशपेपर फिरवून थोडे तेल चोळले की काम भागते. आम्ही तेल निवडले.

डिसेंबरच्या कोरड्या हवेत जुने पॉलिश काढून, लाकूड स्पिरिटने पुसून आम्ही तीन पातळ हात दिले. प्रत्येक हातानंतर पंधरा-वीस मिनिटांनी वरचे तेल पुसून घेतले आणि दुसऱ्या हातापूर्वी दिवसभर थांबलो. तेल पुरते वाळेपर्यंत कुत्र्यांना जिन्याखाली ठेवले, कारण ती पाय चाटतात.

येथे आमच्या गावकऱ्यांना एक इशारा द्यावासा वाटतो. पुसण्यासाठी आपण हाताशी असलेले कॉटन वेस्ट घेतो. जवसाचे तेल वाळताना हवेतील प्राणवायू शोषते आणि उष्णता सोडते. तेलाने भिजलेल्या बोळ्यांचा ढीग पडला तर तो आपोआप पेट घेऊ शकतो. १९९१ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरातील ३८ मजली इमारतीला अशाच चिंध्यांमुळे आग लागली आणि तीन अग्निशामक जवान दगावले. बोळे अंगणात एकेक पसरून वाळवावेत किंवा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकावेत.

पुढची निगा साधी आहे. लेपाचा मोठा वैरी नखापेक्षाही पायाला चिकटून येणारी वाळू. म्हणून जिन्याच्या पायथ्याशी काथ्याचे पायपुसणे ठेवले आहे; तेथे आठही पाय पुसले जातात. उभ्या कुत्र्याची नखे जमिनीला टेकू लागली की ती वाढली असे समजावे. नखाच्या आत रक्तवाहिनी असते, म्हणून ती थोडी थोडीच कापावीत. लघवी झाली तर तत्क्षणी टिपावी. मुरली की लाकूड काळवंडते. अमोनियायुक्त द्रावणाने मात्र पुसू नये, कारण त्या वासाने कुत्रा पुन्हा तेथेच येतो. खाटेपासून जिन्यापर्यंत जाड सतरंजी अंथरली आहे; तिची टोके खाटेखाली आणि पेटीखाली दाबली आहेत, म्हणजे ती सरकत नाही.

दरवर्षी पावसाळा सरला की तेलाचा एक हात द्यावा लागतो. पाहुणे येतात, तक्त्यांवरचे बारीक ओरखडे पाहतात आणि हळहळतात. आजी त्यांना सांगतात, "जमीन चालण्यासाठी असते, बाबा." पहाटे माग सुरू होण्याआधी गाव क्षणभर शांत असते. तेव्हा आजी उठून खिडकीपाशी जातात आणि मागोमाग वाघ्याची संथ, न अडखळणारी पावले तक्त्यांवरून जाताना आम्हाला खाली ऐकू येतात.