भंगारातून परतलेले यंत्र

मुलांनो, धुळ्याहून आग्रा रस्त्याने उत्तरेला निघालात, की नरडाणा मागे पडते आणि मग तापीचा लांबलचक पूल लागतो. पूल ओलांडला की थोड्याच वेळात शिरपूर येते. गावाजवळून अरुणावती नदी वाहते. उत्तरेला सातपुड्याची निळी रांग दिसते. हाच रस्ता पुढे पळासनेरवरून मध्य प्रदेशात, सेंधव्याकडे चढत जातो.

हा सगळा मुलूख कापसाचा. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा खानदेशातल्या कापसाला एकदम मोठी मागणी आली. आजही दिवाळीच्या सुमारास कापसाने भरलेल्या गाड्या जिनकडे निघतात. जिन म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करणारा कारखाना, बरं का!

आता असे समजा, की ऐन हंगामात एका जुन्या यंत्राच्या दातेरी चाकाचा दाता तुटला. ते यंत्र बनवणारी कंपनी कधीच बंद झाली आहे. बाजारात तसे चाक मिळत नाही. एका चाकापायी सगळे काम अडले! अशा वेळी नवे चाक कापून देणारा कोणीतरी गावात असावा लागतो, आणि त्याच्याकडे मिलिंग मशीन असावे लागते.

मिलिंग मशीन म्हणजे काय? लेथ तुम्ही पाहिला असेल. लेथवर लोखंडाचा तुकडा गरगर फिरतो आणि हत्यार त्याला कापते. मिलिंग मशीनवर याच्या उलट असते. इथे दातेरी कटर फिरतो आणि लोखंडाचा तुकडा टेबलावर घट्ट बसून हळूहळू कटरकडे सरकतो. टेबल डावी-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली, असे तिन्ही बाजूंना हलते. १८६२ साली अमेरिकेत जोसेफ ब्राउन यांनी ‘युनिव्हर्सल’ मिलिंग मशीन तयार केले. ड्रिलच्या अंगावर पिळासारखी खाच असते ना, ती कापण्यासाठी! आपल्याकडे १९५३ साली बंगळुरूला हिंदुस्थान मशीन टूल्स हा सरकारी कारखाना सुरू झाला. पंजाबातल्या बटाल्यातही अशी यंत्रे बनवणारे अनेक कारखाने उभे राहिले.

असेच एक जुने यंत्र मी शिरपुरात एका घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाहिले. एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून ते भंगारात निघाले होते. भंगारवाला किलोवर भाव करत होता. घणाचे घाव बसले असते, की त्याचे तुकडे भट्टीत गेले असते. मिस्त्रीकाकांनी थोडे जास्त पैसे मोजले आणि ते घरी आणले. टनाच्या आसपास वजन! मग चेनपुलीने ते उतरवले, खाली लोखंडी पाइप आडवे टाकले आणि पहारीने रेटत रेटत शेडमध्ये नेले. मागचा पाइप मोकळा झाला की तो उचलून पुढे ठेवायचा. चाकाची ही युक्ती किती जुनी, पाहा!

आधी रॉकेल, ब्रश आणि चिंध्या घेऊन साफसफाई झाली. गंजलेले नट दोन-दोन दिवस तेलात भिजत ठेवले. मग यंत्र पूर्ण उघडले. प्रत्येक भागावर खडूने आकडा घातला आणि वहीत चित्र काढून तोच आकडा लिहिला. नाहीतर जोडताना कुठला स्क्रू कुठे, हे कोण सांगणार?

खरी अडचण यानंतर दिसली. शाळेच्या जुन्या दगडी पायऱ्या आठवा. मधोमध झिजलेल्या, कडेला तशाच्या तशा. यंत्राचेही तसेच झाले होते. टेबल ज्या पट्ट्यांवर सरकते, त्या मध्ये झिजल्या होत्या, कारण बहुतेक काम मधल्या भागातच होते. मध्ये टेबल डुगडुगे. ते घट्ट करावे, तर टोकाला अडकून बसे. असे टेबल हलले, तर चाकाचे दाते सारखे कसे येणार?

यावर उपाय हाताचाच. सपाट प्लेटला निळ्या रंगाचा अगदी पातळ थर लावतात आणि ती प्लेट झिजलेल्या पट्टीवर घासतात. जिथे उंचवटा, तिथे निळा ठिपका उमटतो. जुन्या कानशीला धार लावून केलेल्या पात्याने तेवढाच ठिपका खरवडायचा. पुसायचे, पुन्हा रंग, पुन्हा खरवडणे. पहिल्यांदा दोन-चारच ठिपके दिसतात. एका इंचाच्या चौकोनात पंधरा-वीस ठिपके आले, की पट्टी सपाट झाली. मध्ये राहिलेल्या बारीक खळग्यांत तेल टिकते, हा आणखी एक फायदा. मी विचारले, “किती दिवस चालेल हे?” पात्यावरून नजर न काढता काका म्हणाले, “गुरुजी, घाई कामनी नही.”

पण मुलांनो, ती पहिली सपाट प्लेट तरी आली कुठून? इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० साली ग्लासगोच्या सभेत याची रीत समजावून सांगितली. दोन प्लेटी एकमेकींवर घासून जुळवल्या, तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट राहूनही त्या नीट बसतील. म्हणून तीन प्लेटी घ्यायच्या. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी, तिसरी पहिलीशी जुळवत राहायचे. तिघी एकमेकींशी जुळल्या, तर तिघी सपाटच असल्या पाहिजेत! आहे की नाही गंमत?

मोटरचे काम मात्र गावातच सोपे झाले. शेतातल्या पंपांच्या मोटरी रिवाइंड करणारी दुकाने इथे आहेतच. घरातली वीज सिंगल फेजची आणि मोटर थ्री फेजची. त्यासाठी व्हीएफडी नावाची पेटी बसवली आणि मोटरची जोडणी तिला जुळेल अशी करून घेतली. एक मात्र पक्के लक्षात ठेवा. अशा यंत्राला मोठ्या माणसाशिवाय हात लावायचा नाही. सैल बाही, ओढणी, हातमोजेसुद्धा नकोत. कटर ते क्षणात आत ओढतो.

शेवटी परीक्षेचा दिवस आला. चोवीस दात्यांचे चाक कापायचे होते. यंत्रावर डिव्हायडिंग हेड असते. त्याचे हँडल ४० वेळा फिरवले, की चाक एकदा पूर्ण फिरते. मग एका दात्यासाठी किती फेरे? ४० भागिले २४, म्हणजे एक पूर्णांक दोन तृतीयांश. दोन तृतीयांश फेरा मोजायचा कसा? १८ भोकांची गोल तबकडी घ्यायची. एक पूर्ण फेरा आणि वर बारा भोके पुढे! काका ओठांतल्या ओठांत भोके मोजत होते. शेजारी त्यांची नातवंडे श्वास रोखून उभी होती, कारण एक भोक चुकले तर दाते सारखे आले नसते.

एक, दोन, तीन... चोविसावा दाता कापला गेला आणि खाच बरोबर पहिल्या दात्यापाशी येऊन मिळाली. ते चाक आता एका जिनमध्ये फिरते आहे. धाकटा नातू तेव्हापासून सुट्टीत पाते धरायला शिकतो आहे.

वर्गात कुणी विचारले, “अपूर्णांक कशाला शिकायचे?” तर त्याला हे गणित घाला: ३२ दात्यांचे चाक कापायचे आहे आणि तबकडी १६ भोकांची आहे. एका दात्यासाठी हँडल किती फेरे आणि किती भोके फिरवाल?