उत्तरेची खिडकी

तीर्थपुरीतल्या आमच्या जुन्या घराला उत्तरेकडे एकच खिडकी आहे. सागवानी चौकट, लोखंडी गज आणि पावसाळ्यात फुगून बसलेली एक झडप. खिडकीखाली अम्मीची बाज. तिथून दिसतं ते एवढंच: शेजाऱ्यांचं अंगण, एक कडुलिंब, त्यापलीकडे आमचा मोसंबीचा तुकडा आणि वरचं आभाळ. त्या आभाळाखाली, जालना तालुक्यात, अम्मीचं माहेर. म्हणून ती खिडकी आमच्या घरात सगळ्यांची असली तरी खरी अम्मीचीच.

आम्ही दोघं भाऊ, आमच्या घरवाल्या आणि मुलं, सगळ्यांनी हिवाळा याच खिडकीतून पाहिला. दिवाळी उलटली की कापसाची वेचणी चालू असते आणि रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर रात्रभर धडधडत जातात. डिसेंबरात एखाद्या पहाटे लिंबही दिसत नाही, एवढं धुकं पडतं. मग धाकटा उठून आधी तुरीकडे जातो, कारण धुकं टिकलं तर फुलोरा गळतो. नंतर एकदम आठ दिवस आभाळ भरून येतं, थंडी पळते आणि हरभऱ्यावर घाटे अळी दिसू लागते.

मुलांना याचं नवल वाटतं. ढग आले की थंडी वाढायला हवी, कमी कशी होते? आम्ही त्यांना सांगतो, ढग म्हणजे जमिनीवर घातलेली गोधडी. दिवसभराची ऊब ती रात्री वर जाऊ देत नाही. आभाळ निरभ्र झालं की गोधडी निघाली, आणि उत्तरेचा कोरडा वारा सुटला की हुडहुडी भरते. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी झंझावात उत्तर भारतात पाऊस आणि हिमालयात बर्फ टाकून पुढे सरकले की त्यांच्यामागून हा वारा आमच्यापर्यंत पोचतो. कुठला समुद्र आणि कुठली तीर्थपुरी! पण अल्लाहच्या निजामात सगळं एकमेकांना जोडलेलं आहे.

खिडकीशेजारी नमाजच्या वेळांचा तक्ता टांगलेला असतो. त्यातूनही मुलांना एक गंमत सापडली. २२ डिसेंबरच्या सुमारास दिवस सर्वांत लहान, आपल्याकडे जेमतेम अकरा तासांचा. पण सूर्य सर्वांत उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्याला. तेव्हा फजरची वेळच पावणेसहाच्या आसपास सुरू होते. वुजूसाठी बंबातलं गरम पाणी काढताना सुना म्हणतात, "दिवस मोठा व्हायला लागला म्हणे, मग अंधार का हटत नाही?" संध्याकाळ लांबत जाते, सकाळ मात्र महिनाभर मागेच राहते.

आमच्या घरात या खिडकीवरून एकदा भांडण झालं. अम्मीला दम्याचा त्रास. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पहाटेचा गार वारा छातीवर घेऊ नका. आम्ही भावांनी ठरवलं, खिडकी विटांनी बुजवून टाकायची आणि दक्षिणेला नवी काढायची. ऊन येईल, वारा लागणार नाही. गवंडीही बोलावला. अम्मी म्हणाली, "बुजवा. पण मग मला त्या भिंतीकडे तोंड करून झोपवू नका." आम्हाला ते टोचलं, तरी गवंड्याला सोमवारचा वायदा दिला.

तो सोमवार यायच्या आधीचा रविवार, ११ फेब्रुवारी २०१८. फजर झाल्यावर अम्मी सवयीप्रमाणे खिडकीशी बसली होती. तिने हाक मारली. उत्तरेला आभाळ काळंनिळं झालं होतं आणि आत विजा चमकत होत्या. आमच्याकडे नुसता वारा होता. "मामूला फोन लावा," ती म्हणाली. मामूंनी आधी हसण्यावारी नेलं. अम्मीने त्यांना लहान भावाला दटावावं तसं दटावलं, "शेळ्या आत घे आणि पोरांना शेतात पाठवू नकोस."

त्या सकाळी जालना आणि बीड जिल्ह्यांत गारपीट झाली. माणसं दगावली, जनावरं मेली, उभा गहू-हरभरा झोपला. मामूंचा हरभरा मातीत गेला, द्राक्षांसाठी घेतलेलं कर्ज तसंच राहिलं. पण शेळ्या आत होत्या आणि पोरं घरात होती. संध्याकाळी मामूंचा फोन आला. ते बोलू शकले नाहीत, अम्मीही बोलली नाही. दोघं बराच वेळ नुसते फोन कानाला लावून होते.

गवंड्याला आम्ही सकाळीच परत पाठवलं. खिडकीला काचेची झडप बसवली आणि सूर्य वर येईपर्यंत ती बंद ठेवायची, असं ठरलं. अम्मीची हौसही राहिली आणि छातीही. एवढं सोपं आम्हाला आधी का सुचलं नाही? कारण आम्ही तिच्या औषधाचा विचार केला होता, तिला विचारलं मात्र नव्हतं.

मोसंबीचा प्रश्न अजून तसाच आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात आमची अर्धी बाग वाळली. उरलेल्या झाडांना डिसेंबरात पाणी तोडून ताण देतो, जानेवारीत पाणी सोडतो आणि आंबे बहाराची वाट पाहतो. मध्येच ढगाळ हवा आली की बहार मागेपुढे होतो. धाकटा म्हणतो, झाडं काढून ऊस लावू. थोरल्याचं मन होत नाही. अम्मी कुणाचीच बाजू घेत नाही. एवढंच म्हणते, "फुलांचा वास खिडकीतून आला की सांगेन, मग ठरवा."

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. १९९८ च्या थंडीत याच खिडकीशी आम्ही सहेरीला दुलई पांघरून बसत होतो आणि अम्मी ज्वारीची गरम भाकरी वाढत होती. आता तो पुन्हा हिवाळ्यात शिरतोय. २०३० मध्ये तर जानेवारीत आणि डिसेंबरअखेरीस असा दोनदा येईल. तेव्हा अम्मी बाजेवर असावी, एवढीच आमची दुआ आहे. काचेवरचं दव पुसायचं काम नातवंडांनी आतापासूनच वाटून घेतलंय.