खणातले गाणे

काही अपराध असे असतात, की ते करताना आपण घराची मोठी व्यवस्था लावीत आहो असेच आपल्याला वाटत असते. चोरी करणाऱ्याला आपण चोरी करतो आहो एवढे तरी ठाऊक असते. व्यवस्था लावणाऱ्याला तेवढाही आधार नसतो. यंदाच्या श्रावणात मी असाच एक अपराध केला, आणि तोही पदरचे साडेअकरा हजार रुपये मोजून.

आमच्याकडे एक जुनी मोटार आहे. वडिलांनी ती 2004 साली घेतली. पाटी वर्ध्याची, एमएच 32. पंधरा वर्षांनी तिची नोंदणी नव्याने करून घ्यावी लागली, पुढे पाच वर्षांनी आणखी एकदा. पेन्शनरांनी हयातीचा दाखला द्यावा तशी ती आता दर पाच वर्षांनी सरकारदरबारी उभी राहते आणि आपण अजून आहो असे सांगून परत येते. तिच्या डॅशबोर्डच्या मधोमध कंपनीनेच बसवून दिलेले एक गाण्याचे यंत्र होते. त्यात रेडिओ होता, कॅसेट घालायची फट होती, आणि डाव्या अंगाला एक चांगले मोठे, खाचाखाचांचे गोल बटण होते. ते दाबले की यंत्र जागे होई, फिरवले की आवाज चढे किंवा उतरे.

वडील गेल्यापासून गाडीचा मुख्य प्रवास एकच उरला आहे. दर तीन महिन्यांनी आईला डोळे दाखवायला सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात न्यायचे. तिला काचबिंदू आहे. या दुखण्यात नजर कडेकडून आत आकसत येते, आणि जी गेली ती परत मिळत नाही. उरलेली राखायची, एवढेच डॉक्टरांच्या हाती असते. आई नेहमी पुढे, माझ्या डाव्या हाताला बसते. हिंगणघाट मागे पडले, दोन्ही बाजूंना कपाशी दिसू लागली, की तिचा उजवा हात न चाचपडता त्या गोल बटणावर जाई. डोळ्यांचे काम बोटांनी केव्हा उचलले, ते तिलाही कळले नसेल, मला तर नाहीच नाही.

कॅसेट ठरलेली. आमच्या गल्लीतल्या बायांचे एक भजन मंडळ होते. मी लहान असताना, एका गणेशोत्सवात, कोणाचा तरी टेपरेकॉर्डर मागून आणून त्यांनी तुकडोजी महाराजांची भजने भरून घेतली होती. खंजिरी जरा पुढे धावते, मध्येच एक कुत्रे भुंकते, कोणाचे तरी मूल रडते. सात जणींपैकी आज दोघीच आहेत. दुसऱ्या बाजूला, शेवटून दुसरे भजन आईने एकटीने म्हटले आहे. ते सुरू झाले की ती बटण थोडे डावीकडे वळवून आवाज कमी करीत असे. स्वतःचे कौतुक चारचौघांत ऐकू नये, हा तिच्या पिढीचा संकोच.

आता माझ्या व्यवस्थेकडे वळतो. गाडी मागे घेताना आमच्या सौभाग्यवतींनी शेजाऱ्यांच्या ओट्याचा एक कोपरा उडवला होता. चिरंजीवांनी संधी साधली. मागे काय आहे ते दाखवणारा कॅमेरा हवा, कॅमेऱ्याला पडदा हवा, आणि पडदा लावायचाच तर गाणी, फोन, नकाशा असे सगळे एकातच असलेले यंत्र का नको? युक्तिवाद बिनतोड होता. जागाही होती. मोटारीतल्या या यंत्रांचे माप जर्मनांनी ठरवले आणि पुढे ते जगाने उचलले. तोंड 180 मिलिमीटर रुंद, 50 मिलिमीटर उंच. दुकानदार त्याला ‘सिंगल डिन’ म्हणतात. आमच्या जुन्या यंत्राखाली तेवढ्याच उंचीचा एक रिकामा कप्पा होता. दोन्ही मिळून शंभर मिलिमीटर, म्हणजे ‘डबल डिन’. नव्या पडद्याला नेमके तेवढेच हवे होते. फक्त जुन्याला तिथून उठवावे लागणार होते.

एका मोठ्या शहरात कामासाठी गेलो असता तिथल्या एका दुकानात मी गाडी उभी केली. जुन्याचे काय करायचे, असे त्यांनी विचारले. “टाकू नका, मागे कुठे तरी बसवून द्या,” असे मी मोठ्या उदारपणे म्हणालो. त्यांनी ते मागच्या सीटखाली बसवले. संध्याकाळी झगझगीत पडदा घेऊन मी घरी आलो, तेव्हा चिरंजीव गाडीभोवती नाचत होते.

भाद्रपदात सेवाग्रामची तारीख आली. गाव मागे पडले. आईचा हात पुढे गेला आणि गुळगुळीत काचेवर थांबला. तिने बोटे वर नेली, खाली नेली, डावीकडे नेली. काचेला ना खाच, ना उंचवटा, ना काठ. पडद्यावर काही तरी चमकले, आणि दुसऱ्या क्षणी आमच्या मुख्याध्यापकांचा आवाज गाडीत घुमला, “बोला सर!” तिच्या बोटांनी त्यांनाच फोन लावला होता. मागच्या सीटवर चिरंजीवांना हसू आवरेना. मीही हसलो. आईने मात्र हात मागे घेतला आणि पदराखाली ठेवला. सेवाग्रामपर्यंत तो बाहेर आला नाही.

चिरंजीवांना वाईट वाटले असावे. परतताना त्यांनी कॅसेट शोधली आणि वाकून सीटखालच्या यंत्रात घातली. एक घोगरा आवाज आला, मग तारा जळल्याचा वास, मग काहीच नाही.

“आई, जुनं फेकलं नाही मी. मागे ठेवलंय,” मी म्हणालो. आपल्याला कोणी विचारले नसताना आपण खुलासा करू लागतो, तेव्हा आपले काय चुकले ते आतल्या आत कळलेले असते.

“हलवाले काही हरकत नाही, बाबू,” आई म्हणाली. “इचारा तं लागते.” मग वायगाव मागे पडेपर्यंत ती गप्प होती. नंतर, बाहेर पाहत, “खोलीच्या वक्तीबी मी हेच म्हणणार होती.”

हे खोलीचे प्रकरण वाचकांना सांगायला हवे. तीन वर्षांपूर्वी आम्ही घर नीट केले. आईची खोली रस्त्याकडची. खिडकीतून गल्लीतली ये-जा, भाजीवाली, हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग, सगळे तिच्यापर्यंत येई. चिरंजीवांचा अभ्यास वाढला, त्यांना उजेडाची खोली हवी होती. आईला मागची खोली शांत पडेल, न्हाणीही जवळ, असे मी ठरवले आणि ती चार दिवस मावशीकडे गेली असताना तिची खाट, ट्रंक आणि देव्हारा मागे नेऊन ठेवला. परत आल्यावर ती दारात क्षणभर थांबली आणि “बरं केलं” म्हणाली. मी ते शब्दशः घेतले. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाने पात्रांच्या मनातले ओळखावे अशी लोकांची अपेक्षा असते. ती कादंबरीपुरतीच ठेवलेली बरी.

दुसऱ्या दिवशी मी गाडी घेऊन नागपूर–हैदराबाद रस्त्याकडच्या एका मिस्त्रीकडे गेलो. ट्रकांची वायरिंग करण्यात त्याचा जन्म गेलेला. त्याने सीटखाली हात घालून तारांचा पुंजका ओढून काढला आणि कपाळावर हात मारला. दोन्ही यंत्रांच्या तारा एकमेकींना पिळून एकाच चार स्पीकरांना जोडल्या होत्या. या यंत्रांच्या आतच आवाज वाढवणारी चिप असते, आणि ती स्पीकरच्या दोन्ही तारांमधून जोर लावते. दोघांचे तोंड एकत्र बांधले की एकाचा जोर स्पीकरकडे न जाता दुसऱ्याच्या अंगात शिरतो. “एका ताटात दोघं जेवू शकतात सर, पण एका घासावर दोघांचे दात नाही चालत,” तो म्हणाला. जुन्याची चिप जळली होती. भंगारातल्या तशाच एका यंत्रातून त्याने ती काढून आणली. दोन दिवस लागले, पण जुने पुन्हा बोलू लागले.

आता त्याला बसवायचे कुठे? मी तोंड उघडणार, तेवढ्यात मिस्त्री म्हणाला, “ऐकणारं कोण हाय? त्यायले घेऊन या.”

संध्याकाळी आईला घेऊन गेलो. त्याने तिला तिच्या जागेवर बसवले आणि विचारले, “आजी, तुमचा हात कुठवर पोचते?” माझ्या आईला हा प्रश्न त्या पोरसवदा माणसाने विचारावा आणि मी एवढी वर्षे विचारू नये! आईने डोळे मिटले आणि हात पुढे केला. तो गुडघ्यांसमोरच्या, कागदपत्रे ठेवायच्या खणावर टेकला. तिने झाकण उघडले, आत हात फिरवला आणि म्हणाली, “अठी.”

मोटारीतला रेडिओ मुळात असाच विखुरलेला होता, हे मला मागाहून वाचनात आले. अमेरिकेत गाल्व्हिन बंधूंनी 1930 साली ‘मोटोरोला’ नावाचा मोटार-रेडिओ विकायला काढला. 1932 साली जर्मनीत ब्लाउपुंक्टने आपला रेडिओ आणला. ही यंत्रे एवढी अवजड होती, की मुख्य पेटी एकीकडे, बॅटऱ्या आणि स्पीकर दुसरीकडे, आणि चालकाच्या हाताशी सुकाणूच्या दांड्यावर फक्त बटणे! म्हणजे यंत्राने कुठे राहायचे हा प्रश्न दुय्यम, हात कुठे पोचतो हा पहिला. मधल्या काळात यंत्रे लहान झाली, आणि आम्ही तो क्रम विसरलो.

मिस्त्रीचे काम पाहण्यासारखे होते. आधी त्याने बॅटरीचे ऋण टोक सोडवले. खणाची मागची भिंत कापून हवेला वाट ठेवली, कारण हे यंत्र तापते. लोखंडी पट्टी वाकवून त्याने यंत्र आडवे, सपाट बसवले. तिरके फार झाले तर कॅसेट नीट चालत नाही. तारा हातभर लांबवायच्या होत्या. त्या नुसत्या न पिळता डाग देऊन त्याने जोडल्या आणि वर रबरी नळी चढवली. पिवळी तार बॅटरीला कायमची, तिच्यावर यंत्राची आठवण टिकते, ती तुटली की घड्याळ आणि लावून ठेवलेली स्टेशने पुसली जातात. तांबडी किल्लीबरोबर जागी होणारी. काळी जमिनीची. गाडी सुरू केली तेव्हा एक बारीक शीळ ऐकू येऊ लागली, आणि इंजिनाचा वेग वाढला की ती चढू लागली. मिस्त्रीने दोन्ही यंत्रांच्या काळ्या तारा सोडवून एकाच बोल्टखाली आवळल्या. शीळ थांबली. “दोघायची जमीन एक पाहिजे,” एवढेच तो म्हणाला.

खरी करामत निळ्या तारेची. जुने यंत्र चालू झाले, की पूर्वी एरियल वर करण्यासाठी ठेवलेल्या या तारेत वीज येते. मिस्त्रीने ती चार लहान रिलेंना दिली. आई बटण दाबते, रिले ‘टक्’ करतात, आणि चारही स्पीकरांच्या आठही तारा नव्याकडून सुटून जुन्याला मिळतात. जुने बोलू लागले की नवे आपोआप गप्प. बंद केले की नव्याचा अधिकार नव्याला परत. मागचा कॅमेरा मात्र केव्हाही दिसतो, शेजाऱ्यांचा ओटा सुरक्षित आहे. एरियल एकच, ते जुन्याला दिले. नव्याची गाणी फोनवरून येतात, त्याचे काही अडत नाही. चिरंजीवांनी भजने पेन ड्राइव्हवरही उतरवून घेतली, कारण नव्वद मिनिटांच्या कॅसेटमधली ती सुमारे 130 मीटर फीत कधी तरी तुटणारच. हे मात्र त्यांनी आजीला विचारून केले.

त्या रात्री मी मागच्या खोलीत गेलो. आई खाटेवर बसून वाती वळीत होती. “आई, पुढच्या खोलीत परत यायचं का? पोराचं काय, तो कुठंही वाचेल.”

तिने हातातली वात पुरी केली. “आता नोको,” ती म्हणाली. “अठचे कोपरे हाताले वळखीचे झाले. पुन्हा नवे कोठून शिकू?” तिचा आवाज रागाचा नव्हता, म्हणूनच तो मला अधिक लागला. यंत्राच्या तारा लांबवता येतात. तीन वर्षांपूर्वी विचारायचा प्रश्न आज विचारला, तर उत्तर आजचेच मिळते. पण तिने मला जवळ बसवून घेतले आणि म्हणाली, “खिडकी तेवढी मोठी करून दे. अंगणातलं आयकू येते.” ते काम आता गवंड्याला दिले आहे, आणि खिडकी किती मोठी, कोणत्या भिंतीला, हे तिनेच त्याला हात लावून दाखवले आहे.

दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घातला. आईने हळदकुंकू वाहिले, आधी नव्या पडद्याला, मग खण उघडून जुन्याला. सोने द्यायला आम्ही वर्ध्याला मावशीकडे निघालो. गाव मागे पडले. कपाशीला बोंडे धरली होती. आईने खणाचे झाकण खाली केले, ‘टक्’ असा आवाज झाला आणि खंजिरी सुरू झाली, नेहमीसारखी जरा पुढे धावणारी. कुत्रे भुंकले, मूल रडले. बाजू पालटली. शेवटून दुसरे भजन आले.

मी समोर रस्त्याकडे पाहत होतो, तरी मला कळले. आईचा हात खणात गेला आणि आवाज किंचित कमी झाला.